तिसरा नॉब

मित्रांनो, धुळ्यात सुकदेवच्या घरी पलंगाखाली रेक्झिन लावलेला एक तपकिरी खोका आहे, तो मी. गिटारचा ॲम्प्लिफायर आहे, व्हॉल्व्हवर चालणारा आहे आणि आता जुना झालो आहे. हल्लीच्या यंत्रांसारखा मी बटण दाबताच बोलत नाही. आधी माझ्या काचेच्या व्हॉल्व्हमध्ये तांबूस उजेड येतो, ते तापतात, आणि मग मला कंठ फुटतो. माझी हकीकत ऐकायला तुम्ही बसलाच आहात, तर सांगतो. पण ती ऐकून बरं वाटेल अशी आशा ठेवू नका.

मला यादवने घडवलं. अमळनेरला एसटी स्टँडजवळ त्याचं रेडिओदुरुस्तीचं दुकान होतं. सुकदेव आणि यादव एकाच गावचे, एकाच शाळेत शिकलेले. पुढे सुकदेव धुळ्याला यंत्रमागावर कामाला लागला आणि यादव अमळनेरला राहिला, पण दोघांची गाठ सुटली नाही. दोघेही अभिमननानांच्या गायन पार्टीत होते. नाना पार्टीचे प्रमुख, ढोलकीही तेच वाजवत. सुकदेवची बायको मंजुळाबाई गायची आणि सुकदेव हवाईयन गिटार वाजवायचा. गिटार मांडीवर आडवी ठेवून तो तारांवरून लोखंडी कांडी अशी सरकवी की स्वर ओढत ओढत पुढे जाई, माणसाने हाक मारावी तसा.

पण तेव्हा पार्टीत साऱ्यांचा आवाज एकाच भोंग्यातून जात असे. भोंग्यातून गिटार पत्र्याच्या डब्यासारखी वाजे. एक दिवस सुकदेव यादवला म्हणाला, "माले मना बोटेस्ना आवाज पाहिजे, यादव. भोंगाना नको."

एवढ्या एका वाक्यावर माझा जन्म झाला. १९८२ साल होतं. यादवने मोडीतल्या एका जुन्या ग्रामोफोनचे व्हॉल्व्ह घेतले, ट्रान्सफॉर्मर स्वतः गुंडाळला, आंब्याच्या फळ्यांचा खोका केला आणि रिक्षाच्या सीटचं उरलेलं रेक्झिन वरून चिकटवलं. मी वाजू लागलो, पण आवाज काही मनासारखा येईना. गिटार सुरू झाली की मंजुळाबाईचं गाणं तिच्याखाली दबून जाई.

मग यादव माझ्या पोटातल्या सगळ्यात नाजूक भागाकडे वळला. त्याला टोन कंट्रोल म्हणतात. तो तुम्ही नीट समजून घ्या, कारण पुढचं सगळं त्याच्यावरूनच झालं.

तारेतून येणारा आवाज एकसंध वाटतो, पण त्यात जाड, मधले आणि बारीक असे सगळे स्वर एकत्र असतात. माझ्या पोटात आल्यावर त्यांना वाटा फुटतात. एका चिमुकल्या कपॅसिटरमधून फक्त बारीक स्वर निसटतात. मोठ्या कपॅसिटरची वाट जाड स्वरांची. मधले स्वर या दोन वाटांच्या बेचक्यात सापडतात आणि थोडे बुडतात. कुणाला किती सोडायचं हे बाहेरचे तीन नॉब ठरवतात. पहिला बासचा, दुसरा मिडलचा, तिसरा ट्रेबलचा. लोकांना वाटतं, नॉब फिरवला की आवाजात भर पडते. तसं नाही. हा भाग आवाजाला काहीच देत नाही, तो फक्त अडवतो. ट्रेबल वाढवला म्हणजे बारीक स्वरांना अडवणं कमी केलं, इतकंच. सगळं अडवणं संपलं की त्यापुढे माझ्याजवळ काही उरत नाही.

तो दिवस मला आठवतो. सुकदेव स्टुलावर बसून एकच तान पुन्हा पुन्हा वाजवत होता. यादव एक कपॅसिटर काढून दुसरा लावत होता आणि मान तिरकी करून ऐकत होता. मंजुळाबाई दाराशी बसून सोबत गात होती. बऱ्याच खटपटीनंतर यादवने मधले स्वर बेताने बुडवले, आणि त्या मोकळ्या जागेत मंजुळाबाईचा आवाज अलगद येऊन बसला. ती गाता गाता थांबली.

"आते तुनी गिटार मना आवाजना आडे येस नही," ती नवऱ्याला म्हणाली.

यादव हसला. त्याने तांबड्या रंगाचा एक एक ठिपका तीनही नॉबांपाशी दिला. "नॉब इथेच ठेवायचे," तो म्हणाला.

पुढची पाच-सहा वर्षं मी मान अनुभवला. एसटीच्या टपावरून, बैलगाडीतून, कधी यादवच्या मांडीवरून मी गावोगाव फिरलो. जयंतीच्या मंडपात, लग्नात, नामकरणात मला स्टेजवर सुकदेवच्या उजव्या हाताला जागा असे आणि माझ्यामागे यादव बसलेला असे. गावात व्होल्टेज पडलं की माझा आवाज खोल जाई, तेव्हा त्याचा हात आधी माझ्या पाठीवर येई. जळगावच्या पिंप्राळ्यात एका म्हाताऱ्या आबांनी कार्यक्रम संपल्यावर स्टेजवर चढून माझ्या जाळीवर हात ठेवला होता. "येना पोटमा मानूस बसेल शे का रे?" असं त्यांनी विचारलं होतं. लोक हसले. सुकदेव अभिमानाने यादवकडे बघत होता. तेव्हा मला वाटलं होतं की हे असंच चालणार.

आता सुकदेवच्या कामाविषयी. धुळ्यातल्या ज्या कारखान्यात तो होता, तिथे एका पत्र्याच्या छपराखाली ओळीने यंत्रमाग चालत. त्यांची खटखट इतकी की कामगार एकमेकांशी खुणांनी बोलत. मी ते ठिकाण पाहिलेलं नाही, पण पाळीवरून घरी आल्यावर सुकदेव किती मोठ्याने बोलतो ते ऐकलं आहे. चारी बाजूंनी सूतच सूत, पण त्यातला बोटभर कापूस कानात घालावा असं तिथे कुणाला सुचलं नाही. मालकाला नाही, मुकादमाला नाही आणि सुकदेवलाही नाही. गिटारच्या तारा गंजू नयेत म्हणून तो त्या रोज पुसून ठेवी. कानांना जपायचं असतं हे त्याला कुणी सांगितलंच नव्हतं.

पहिल्यांदा त्याने ट्रेबलचा नॉब ठिपक्याच्या जरासा पुढे नेला, तेव्हा मी मनावर घेतलं नाही. वाटलं, मंडप मोठा आहे. मग लहान मंडपातही तो पुढेच राहू लागला. नंतर तो अर्ध्यावर गेला, मग पाऊण. आणि एक दिवस सुकदेव मला उचलून अमळनेरला घेऊन गेला.

"येना आवाज मरी गया रे, यादव. पहिलासारखी धार नही येले."

यादवने मला उघडलं. व्हॉल्व्ह बदलून पाहिले, आतल्या वायरींचे सगळे टाके पुन्हा तपासले, मीटर लावला. काहीच बिघडलेलं नव्हतं. तरी मित्र म्हणतो म्हणून त्याने ट्रेबलच्या वाटेवरचा कपॅसिटर बदलला, बारीक स्वरांना आणखी मोकळीक दिली. सुकदेव खूश होऊन गेला आणि चार महिन्यांनी परत आला. तेच गाऱ्हाणं. यादवने पुन्हा काहीतरी बदललं. पुढल्या खेपेला पुन्हा. दर वेळी मी जास्त टोचरा होत गेलो. व्हॉल्व्हची सळसळ ऐकू येऊ लागली, तारेवर कांडी घासल्याची खरखर ऐकू येऊ लागली. पुढे बसलेल्या बाया पोरांच्या कानांवर हात ठेवू लागल्या. सुकदेवला मात्र मी अजूनही बोथटच वाटत होतो.

मित्रांनो, माझा आवाज मेला नव्हता. बारीक स्वर मी पुरेपूर बाहेर सोडत होतो. ते सुकदेवच्या कानापर्यंत जात होते आणि तिथे दार बंद होतं.

हे एका माणसाला कळलं होतं. मंजुळाबाईला. ती स्वयंपाक करता करता काही बोलली की सुकदेव भलतंच उत्तर देई. "डाळ सरनी" म्हटलं की "हां, गाडी सकाळनी शे" म्हणे. कुकरची शिट्टी त्याला ऐकू येईना. तिने मग पाठीमागून बोलणं सोडून दिलं. समोर येऊन, तोंडाकडे बघायला लावून बोलू लागली. त्याच्याही लक्षात येणार नाही इतक्या सहज तिने ही सवय लावून घेतली. एकदाच तिने धीर केला.

"एकदाव डाक्टरले कान दखाडी या ना."

"मना कानेस्ले काय धाड भरनी?" तो एकदम उसळला. "कान गया ते मी गिटार कशी वाजाडस? सांग ना!"

पुन्हा तो विषय तिने काढला नाही.

आणि मग चोपडा गावचा तो दिवस आला. १९८९चा एप्रिल. जयंतीचा कार्यक्रम होता, संध्याकाळची वेळ, पुढे माणसांनी भरलेलं मैदान. यादव नेहमीप्रमाणे माझ्यामागे होता. दुसऱ्याच गाण्याला सुकदेवने माझा तिसरा नॉब शेवटपर्यंत पिळला. माझा आवाज मंजुळाबाईच्या माईकमध्ये शिरला, भोंग्यातून बाहेर पडला, पुन्हा माईकमध्ये गेला आणि अशी किंचाळी उठली की पुढच्या रांगा उठून मागे सरल्या. गाणं तुटलं. मैदानातून "बंद करा, बंद करा" असा ओरडा झाला.

यादवने झटकन पुढे होऊन नॉब मागे आणला. सुकदेवने त्याचा हात झटकला.

"ठेव तसाच! तो बोथट व्हयी गया शे."

"आवाज पहिलासारखाच शे, सुकदेव," यादव हळू म्हणाला. "उलट जास्तीच शे."

सुकदेवला ते नीट ऐकू आलं नसावं. पण यादवचा चेहरा त्याला दिसला, आणि तो उभा राहिला. माईक अजून चालू होता.

"तुना कानच मरी गयात!" तो ओरडला. "बठ्ठास्ले आयकू येस, तुले एकलालेच येस नही. असा मानूस रेडिओ काय दुरुस्त करी?"

ते भोंग्यातून साऱ्या मैदानाने ऐकलं. काही लोक हसले. यादव लाल झाला. तो वळला आणि मंजुळाबाईकडे गेला.

"वहिनी, तू सांग. तुले गानं समजस. येना आवाज मरेल शे का?"

मित्रांनो, मला जीभ नाही. माझ्या पोटात येईल तेवढंच मी बाहेर देऊ शकतो, आणि त्या घटकेला कुणी तारेला हात लावलेला नव्हता. मंजुळाबाईला मात्र जीभ होती, आणि सगळं माहीत होतं. तिने पदर डोक्यावर सारखा केला. माईकची उंची कमी केली. खाली बघत राहिली.

यादवने क्षणभर वाट पाहिली. मग स्टेजवरची आपली हत्यारांची पिशवी उचलली, चपला पायात घातल्या आणि तो स्टँडच्या दिशेने चालू लागला. नाना मागून हाका मारत होते. तो थांबला नाही.

पुढचं मला नानांच्या बोलण्यातून कळलं. ते धुळ्याला आले की सुकदेवच्या घरी बसत आणि मी तिथेच कोपऱ्यात असे. यादव मेकॅनिकला ऐकू येत नाही, ही बातमी चोपड्याहून अमळनेरला पोचायला वेळ लागला नाही. गिऱ्हाईक पाठ फिरवू लागलं. पण त्याहून वाईट म्हणजे यादवला स्वतःलाच ते खरं वाटू लागलं. शाळेपासूनचा दोस्त चारचौघांत सांगतो आणि वहिनीही नाही म्हणत नाही, त्याअर्थी आपलंच काहीतरी चुकत असणार. शेवटी त्याने दुकान बंद केलं. अमळनेर सोडून गेला.

नाना हे सांगत होते तेव्हा सुकदेव मान हलवत होता. त्याला किती ऐकू आलं, देव जाणे. मंजुळाबाई आत निघून गेली.

माझी दशा ऐका. यादव गाव सोडून गेल्यावर सुकदेवने मला धुळ्यातल्या एका कारागिराकडे नेलं. "धार पाहिजे," एवढंच सांगितलं. त्या भल्या माणसाने माझा टोन कंट्रोल उपटून काढला आणि आलेला आवाज सरळ पुढे जोडून दिला. बाहेर तीन नॉब तसेच राहिले, आत ते कशालाच जोडलेले नव्हते. आता ना मी अडवू शकत होतो, ना मधले स्वर बुडवून मंजुळाबाईला जागा देऊ शकत होतो. कुणी कुठलाही नॉब फिरवला तरी मी एकाच सुरात खेकसत होतो. दोनच कार्यक्रमांत नानांनी हात जोडले. पार्टीत इलेक्ट्रॉनिक की-बोर्ड आला, तो वाजवायला दुसरा माणूस आला. सुकदेवला कुणी बोलावेना. मग मंजुळाबाईनेही गाणं सोडलं. मला पलंगाखाली सरकवलं गेलं.

तिथे मी वर्षानुवर्षं होतो. माझ्या जाळीमागे झुरळांनी घर केलं.

एके वर्षी धुळ्यात एका शाळेत कानाच्या तपासणीचं शिबिर भरलं. तोवर सुकदेवला दारावरची थापही ऐकू येईनाशी झाली होती, तेव्हा मंजुळाबाई त्याला ओढूनच घेऊन गेली. परत आल्यावर दोघं माझ्या डोक्यावर, पलंगावर बसली. मग त्यांच्या बोलण्यातून मला समजलं. डॉक्टरीणबाईंनी त्याच्या कानांना हेडफोन लावला होता आणि आवाज आला की बोट वर करायला सांगितलं होतं. जाड आवाजांना त्याचं बोट वर गेलं. बारीक आवाज सुरू झाले तसं बोट गुडघ्यावरच राहिलं. शेजारी बसलेल्या मंजुळाबाईला हेडफोनच्या फटीतून तो बारीक आवाज ऐकू येत होता, इतका तो मोठा केलेला होता. तिला ऐकू येत होता आणि बोट हलत नव्हतं. यंत्रमागांनी केलंय, डॉक्टरीणबाई म्हणाल्या. आधी बारीक आवाज जातात, माणसाला कळत नाही. आणि गेलेलं परत येत नाही.

"तुले माहीत व्हतं?" सुकदेवने विचारलं.

"व्हतं."

"चोपडाले?"

ती त्याच्यासमोर येऊन उभी राहिली, त्याला ओठ दिसावेत म्हणून. "तवय बी व्हतं. मी बोलतू, ते तुनी गिटार सुटी जाती."

"मंग सुटनी नही का?"

ती खाली वाकली आणि तिने मला पलंगाखालून बाहेर ओढलं.

सुकदेवने यादवचा पत्ता काढला. तो पिंप्राळ्यात होता, एका पिठाच्या गिरणीवर कामाला. एका सकाळी दोघं नवरा-बायको मला आणि गिटारला घेऊन जळगावच्या एसटीत बसली.

गिरणी चालू होती. यादवच्या केसांवर, भुवयांवर पीठ बसलं होतं. त्याने आम्हाला पाहिलं आणि पट्टा काढून गिरणी थांबवली. सुकदेव पाहुण्यासारखा उंबऱ्याबाहेरच उभा राहिला.

"कान मना गयेल व्हतात, यादव," तो म्हणाला. "तुना नही. डाक्टरनी सांगं. माफ कर भो."

मंजुळाबाई पुढे आली. "भाऊ, मी बोलाले पाहिजे व्हतं."

"हां," यादव म्हणाला. "बोलाले पाहिजे व्हतं."

मग तो सुकदेवसमोर येऊन, एकेक शब्द तोडून बोलला. "रेडिओ दुरुस्त करू अन् बाजूवालाले इचारू, नीट वाजस का? मनाच कानेस्वरना मना भरोसा उडी गया. असा मेकॅनिकले कोन काम देई? कोनीच देयं नही. मी बी नही देतू."

सुकदेव खाली बघत उभा राहिला. यादवने मला उचललं, गिरणीच्या मागच्या खोलीत नेलं आणि उलटं करून उघडलं. आतली उपटलेली जागा बघून त्याने मला तसंच झाकून टाकलं. मला वाटलं, संपलं. पण तो कुठूनतरी वायरींना टाके घालायचा कैया आणि कथील मागून घेऊन आला. बाजारातून कपॅसिटर आणले. कागदावर काही न काढता त्याने जुन्या तीन वाटा पुन्हा बांधल्या. सुकदेव दाराशी बसून बघत होता. मंजुळाबाई बाहेर पायरीवर बसली होती.

दुपारी यादवने वायर लावली. माझ्या व्हॉल्व्हमध्ये उजेड आला.

"वाजाड," त्याने हाताने खूण केली.

सुकदेवने कांडी तारेवर ठेवली. इतक्या वर्षांनी मी नीट बोललो. बारीक स्वर बारीक होते, जाड जाड होते आणि मध्ये एका माणसाच्या गाण्यापुरती जागा होती. यादव मान तिरकी करून ऐकत होता. सुकदेव माझ्याकडे बघत नव्हता, गिटारकडेही नाही. तो यादवच्या चेहऱ्याकडे बघत होता. मी कसा वाजतो हे कळायला त्याच्याजवळ आता दुसरी जागा नव्हती.

"कसा शे?" त्याने विचारलं.

यादवला कळलं होतं. त्याचे कान तेव्हाही शाबूत होते, आजही होते. दुकान, अमळनेर, मधली सगळी वर्षं उगाच गेली होती. त्याच्या तोंडावर आनंद आला नाही. तान अर्ध्यावर असताना त्याने माझी वायर खेचून काढली.

"जसा व्हता तसा शे. लई जाय येले. मना समोर ठेवू नको."

तो बाहेर गेला. त्याने पट्टा चढवला, आणि गिरणीच्या आवाजात पुढचं काही कुणाला ऐकू आलं नाही. निघताना मंजुळाबाईने दोनदा वळून पाहिलं. त्याने पाहिलं नाही.

मित्रांनो, माझ्यासारख्या यंत्रांची निगा राखा असं मी तुम्हाला सांगावं, अशी रीत आहे. मी तसं सांगणार नाही. तारा नव्या मिळतात, कपॅसिटर मिळतात, शोधले तर व्हॉल्व्हही मिळतात. कान मिळत नाहीत. गोंगाटात काम असेल तर कानात बोळे घाला, आणि घालू देत नसतील तर भांडून घाला. तुमच्या घरात कुणी रेडिओ मोठा करत असेल, विचारलं एक आणि सांगितलं एक असं करत असेल, तर त्याला समोर बसवा आणि स्पष्ट सांगा. त्याला राग येईल. येऊ द्या. तो राग तेव्हा एकट्याचा असतो. पुढे ढकललात तर तो दुसऱ्याच कुणावर जाऊन पडतो, ज्याचा काही दोष नसतो.

सुकदेव आता मागावर जात नाही. गिटार खुंटीला आहे. मंजुळाबाई दर आठवड्याला मला पलंगाखालून ओढून धूळ पुसते, झुरळं लागू नयेत म्हणून जाळीत कडुलिंबाची पानं ठेवते, आणि पुन्हा आत सरकवते. ती वायर लावत नाही. माझ्यात आता कसलाही बिघाड नाही.